माहिती देणाऱ्याचे नाव

मंगळवारी सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान मी सतरा वेळा वारलो. आदल्या दिवशी दाढ काढली होती म्हणून रजा टाकून घरीच होतो. गालात कापसाचा बोळा धरून खुर्चीत बसलो होतो आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात काहीतरी थरथरायला लागलं. आधी वाटलं उंदीर. जुळे सोलापुरात आमच्या बाजूला अजून मोकळे प्लॉट आहेत, उंदीर येतात. पण उंदीर असा दम घेऊन घेऊन थरथरत नाही. कपाट उघडलं तर महेश्वरीच्या साड्यांच्या घडीखाली तिचा फोन उजळत होता आणि विझत होता. महेश्वरी माझी बायको. तिला जाऊन तीन वर्षं होतील. फोन मी चालू ठेवलाय. वेळच्या वेळी रिचार्ज मारतो, आठवड्यातून एकदा चार्जिंगला लावतो. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकते असं ऐकलं होतं, आणि उद्या त्या नंबरावर कुणी परका 'हॅलो' म्हणाला तर मला ते सोसलं नसतं. त्या फोनवर आता एकाखाली एक मेसेज येत होते, सगळे एकसारखे. गुरुबसप्पा यांच्या मृत्यूच्या नोंदीसाठी आपला ओटीपी अमुक अमुक, दहा मिनिटांसाठी वैध, हा क्रमांक नोंदणी कार्यालयात सांगावा. गुरुबसप्पा म्हणजे मी. बायकोला माझ्या मरणाचा निरोप येतोय आणि तो वाचायला घरात मी एकटाच, तोही तोंडात कापूस धरून. हसू आलं असतं, पण दाढेच्या जागी ठणकत होतं.

करमाळ्याहून ईश्वरचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. हा ईश्वर तिकडच्या एका ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर. त्यांच्या तालुक्याचं ट्रेनिंग त्या दिवशी होतं आणि अडचण आली तर विचारायला म्हणून माझा नंबर सगळ्यांना दिलेला होता. "साहेब, तुमचा व्हिडिओ लावून आमी सतरा जण सराव करतुय," तो म्हणाला, "पर ओटीपी कुणालाच येईना झालाय. नंबर तर बराबर टाकलाय की. व्हिडिओत हाय तसाच." मी विचारलं, नाव कुणाचं टाकलंत? "तुमचंच की साहेब. व्हिडिओत हाय तसं." मग त्यानं विचारलं, "तब्येत बरी हाय न्हवं?" बरी आहे म्हणालो. त्या पोरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या खात्यात माणूस समोर जसं असेल तसं उतरवतो. नमुन्याच्या कोपऱ्यात 'नमुना' असा शब्द छापलेला असेल तर तोही उतरवतो. मी स्वतः चौतीस वर्षं तेच करत आलोय.

त्या व्हिडिओचं असं झालं. जन्म-मृत्यूच्या नोंदीची नवी साईट आली आणि ती कशी वापरायची हे शिकवायला तालुक्यातालुक्याला माणसं पाठवण्यापेक्षा एक व्हिडिओ पाठवू, असं वरून ठरलं. ते काम ऑफिसातल्या आम्हा चौघांवर आलं. बुद्धप्रियानं जन्म घेतला, नवनाथनं नावातली दुरुस्ती, अमृतनं दाखल्याची प्रिंट, आणि मृत्यू माझ्याकडे आला, कारण मृत्यूच्या खिडकीवर मीच बसतो. तिघंही माझ्या निम्म्या वयाचे. चौघांनी आपापला भाग रेकॉर्ड करायचा आणि बुद्धप्रियानं तो जोडायचा. रेकॉर्डिंग म्हणजे कॅमेरा वगैरे काही नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर जे जे होईल ते एक सॉफ्टवेअर टिपून घेतं, आपण नुसतं बोलत राहायचं. माणूस दिसतच नाही. दिसतो तो फक्त बाण, या रकान्यातून त्या रकान्यात जाणारा. मला ही गोष्ट मनापासून आवडली; एवढ्या वर्षांत मला इतकी सोयीची भूमिका कुणी दिली नव्हती. लाल गोल दाबला की तीन, दोन, एक असे आकडे येतात आणि मग सुरू, असं बुद्धप्रियानं शिकवलं. पंखा बंद ठेवा सर, त्याचा आवाज येतो, हेही तिनंच सांगितलं.

ऑफिसात रांगेचा कालवा, म्हणून लॅपटॉप घरी नेला आणि रविवारी दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून बसलो. एप्रिलातली दुपार. घाम कोपरापर्यंत ओघळत होता आणि टेबलाच्या सनमायक्याला हात चिकटत होता. 'नमस्कार, आज आपण मृत्यूची नोंद कशी करायची ते पाहू,' असं म्हणालो आणि स्वतःच दचकलो. त्या घरात इतकं लांब वाक्य कुणी बोलल्याला कितीतरी महिने झाले होते. दूधवाल्याला 'एक' म्हटलं की भागतं. जिन्यात भेटणाऱ्याला नुसती मान हलवली की भागतं. महेश्वरी होती तेव्हाही मी काही फार बोलणारा नव्हतो. ती कानडीत दिवसभराचं सगळं सांगायची, मी 'हूं' म्हणायचो, आणि तिला तो 'हूं' पुरतो अशी माझी समजूत होती. त्या रविवारी मात्र मी बोलत सुटलो. न विचारलेलंही समजावून सांगितलं. मयताचं नाव आधार कार्डावर आहे तसंच का लिहायचं, तारीख मृत्यूची आणि माहिती मिळाल्याची वेगळी का असते, घाई का करू नये. ऐकणारं कुणी नव्हतं, पण पडद्याच्या कोपऱ्यात तो लाल ठिपका लुकलुकत होता आणि कुणीतरी समोर बसून ऐकतंय असं मला वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

सरावाच्या साईटवरसुद्धा मयत म्हणून कुणाचं तरी नाव टाकावं लागतं. जिवंत माणसाचं कसं टाकणार? आपल्याकडे असं तोंडातून काढतसुद्धा नाहीत. मेलेल्याचं टाकावं तर त्याला पुन्हा एकदा मारायचं. म्हणून स्वतःचं टाकलं. वय सत्तावन्न. मृत्यूचं ठिकाण घर. कारण हृदयविकार. भराभर भरत गेलो, मजा येत होती म्हटलं तरी चालेल. आणि मग तो रकाना आला: माहिती देणाऱ्याचे नाव. त्याच्यापुढं लाल चांदणी. लाल चांदणी म्हणजे भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हा प्रश्न मी खिडकीतून दिवसाला पंधरा-वीस वेळा विचारतो. लोक सांगतात मुलगा, सून, पुतण्या, भाचा. एकदा बजाबाई नावाची कोथिंबीर विकणारी बाई एका म्हातारीची नोंद करायला आली होती. म्हातारी रोज तिच्याकडून एक जुडी न्यायची, दोन दिवस आली नाही म्हणून ही बघायला गेली होती. कागद अपुरे होते म्हणून मी तिला दोन हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी नात्यापुढं 'इतर' असं लिहून मोकळा झालो. त्या रविवारी बाण त्या रकान्यावर गेला आणि तिथंच राहिला. मी कुणाची नावं आठवत होतो ते मला आता सांगता येणार नाही, कारण खरं तर एकही आठवत नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. शेजारचे नवीन आहेत. मग एकदम ध्यानात आलं की रेकॉर्डिंग चालू आहे, आणि बोटांनी आपणहून महेश्वरीचं नाव टाईप केलं. नातं पत्नी. नंबरही तिचाच, कारण ऑफिसच्या खात्याला जोडलेला कर्मचाऱ्याचा नंबर तिथं चालत नाही, आणि हा नंबर हाताशी होता. कपाटातून तिचा फोन आणला. मेसेज आला. मी तो चष्मा वर करून वाचला आणि सहा आकडे शांतपणे भरले. हिरवी खूण आली. 'अशा प्रकारे नोंद पूर्ण झाली,' असं म्हणालो. मेलेली बाई मरणाची खबर देऊ शकत नाही, हे चौतीस वर्षं त्या खिडकीवर बसलेल्या माणसाला त्या वेळी सुचलं नाही.

बुधवारी ऑफिसला गेलो तेव्हा करमाळ्याची गोष्ट सगळ्यांना कळली होती. नवनाथ म्हणाला, सर, तुम्ही आता शंभर वर्षं जगणार. सगळे हसले, मीही सुजलेल्या गालानं हसलो. दुपारी बुद्धप्रिया माझ्या टेबलाशी आली. मृत्यूचा भाग पुन्हा करावा लागेल म्हणाली. शुक्रवारी रेकॉर्ड रूममध्ये सगळे मिळून करू, या खेपेला ती नाव आणि नंबर धूसर करून टाकेल, म्हणजे कुणी उतरवून घेणार नाही. मग माझ्या कीबोर्डकडे बघत म्हणाली, "सर, माहिती देणारा हयात पाहिजे." महेश्वरीचा दाखला तिनंच काढला होता. नोकरीला लागून तिला तेव्हा आठवडाच झाला होता. तिच्या हातचा तो पहिला दाखला. जोडाजोड करतानाच तिच्या लक्षात आलं होतं, पण कसं सांगावं ते तिला समजलं नव्हतं. "आणि मधले त्रेचाळीस सेकंद मी काढले होते," ती म्हणाली. "बाण नुसता थांबला होता." म्हणजे ते त्रेचाळीस सेकंद तिनं बसून पाहिले होते. कापायच्या आधी निदान एकदा तरी पाहावं लागतंच. मला अंगावरचा शर्ट कुणी ओढल्यासारखं झालं. ती अगदी सहज म्हणाली, माझ्या आईचा नंबर देते सर, आई दिवसभर घरीच असते. आणि मी, का कोण जाणे, ताठ झालो. "नको," म्हणालो, "माझा भाऊ आहे."

आहे. कल्लप्पा. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, अक्कलकोटच्या पुढं गावात पिठाची गिरणी चालवतो. सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. अव्वा, आमची आई, त्याच्याकडेच होती. मार्चातल्या एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला, अव्वा गेली, ये. येतो म्हणालो. खिडकीसमोर रांग होती. लांबलांबून आलेली माणसं, प्रत्येकाच्या घरात कुणीतरी गेलेलं. एवढी संपवून निघू म्हणालो. एवढी संपली तेव्हा तेवढी आली होती. आमच्यात मयताला बसवून ठेवतात आणि बसवूनच माती देतात. अव्वाला त्यांनी सोप्यात बसवून, कपाळाला विभूती लावून, सूर्य कलेपर्यंत माझी वाट पाहिली. मी पोचलो तेव्हा कल्लप्पा दारात पाय धूत होता. तांब्या खाली ठेवून त्यानं मला एवढंच विचारलं, "रांग संपली?" त्यानंतर एक शब्द नाही. महेश्वरीच्या वेळी आला होता. मूठभर माती टाकली, माझ्या शेजारी पाच मिनिटं उभा राहिला आणि तिथूनच परतीच्या गाडीला गेला. तो मयताला येतो, बोलायला येत नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो होतो. यात त्याच्यापेक्षा माझंच वर्णन जास्त होतं, पण आपलं वर्णन आपल्याला ओळखू येत नाही.

त्याला आधी सांगून ठेवायला हवं होतं. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर बसून मी त्याचा नंबर लावला, दोनदा वाजला आणि मी कापला. सांगणार काय? सहा वर्षांनी तोंड उघडायचं आणि म्हणायचं, उद्या तुझ्या फोनवर माझ्या मरणाचा मेसेज येईल, घाबरू नको, त्यातला नंबर तेवढा वाच? मेसेज लिहायला घेतला. 'कल्ला, उद्या सकाळी' इथपर्यंत लिहिला आणि पुसला. शेजारी एक जोडपं कणीस खात होतं. त्या मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मी स्वतःची समजूत घातली की मेसेज बघितला की तोच घाबरून मला फोन करेल, मी 'अरे, सराव आहे' म्हणेन, तो शिव्या देईल, आणि शिव्या देण्यापुरतं का होईना बोलणं सुरू होईल. हे झालं वरवरचं. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. मी मेलो असं कळल्यावर किती मिनिटांनी फोन वाजतो, ते मला जिवंतपणी बघायचं होतं. असा हिशेब करणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

शुक्रवारी अकरा-चाळीसला आम्ही रेकॉर्ड रूममध्ये बसलो. पंखा बंद. अमृत पत्र्याच्या पेटीवर, नवनाथ दाराशी, बुद्धप्रिया माझ्या शेजारी. तीन, दोन, एक. या खेपेला बाण कुठंच थांबला नाही. नाव: कल्लप्पा. नातं: भाऊ. नंबर टाकला, बटण दाबलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात दहा मिनिटांचं घड्याळ उलटं पळायला लागलं. माझा फोन मी टेबलावर उताणा ठेवला होता. येईल इतक्यात, म्हणालो. नवनाथनं विचारलं, सांगून ठेवलंय ना सर? हो म्हणालो. आठ मिनिटं राहिली. सहा राहिली. जुन्या रजिस्टरांचा वास त्या खोलीत कायमच असतो. मी आजवर तो कधी नाकाला लावून घेतला नव्हता, तेव्हा मात्र घशात उतरत होता. चार. बुद्धप्रियानं लावून बघा म्हणून फोन माझ्याकडे सरकवला आणि मी तो परत होता तिथं ठेवला. दोन. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं, सगळे फार सभ्यपणे पडद्याकडे पाहत होते. मग घड्याळ संपलं आणि लाल अक्षरं आली, ओटीपीची मुदत संपली आहे. बुद्धप्रियानं माऊस स्वतःकडे घेतला, भावाचं नाव पुसलं, तिथं 'पारूबाई' असं टाईप केलं आणि स्पीकरवर आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. "कोण वारलं गं?" तिकडून पारूबाईंनी विचारलं. "कुणी न्हाई आई, सराव हाय. नंबर वाच." पारूबाईंनी एकेक आकडा सावकाश, मोठ्यानं वाचला. नात्याच्या यादीत बुद्धप्रियानं 'इतर' निवडलं. हिरवी खूण आली. पोरं चहाला गेली. मी म्हणालो, खिडकीवर रांग असेल, आणि खाली आलो.

खिडकीवर मी चेहरे बघत नाही. काचेला खाली एक फट आहे, तिच्यातून हात येतात, कागद येतात. दिवसभर वर बघत बसलं तर मान दुखते आणि दुसरंही बरंच दुखतं. सव्वातीनच्या सुमाराला एक हात आत आला. नखांच्या कडेला पीठ होतं. हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर बॉलपेननं गिरवून लिहिलेले सहा आकडे. "मयताची नोंद करायची हाय," हाताचा धनी म्हणाला, सरकारी ऑफिसात बोलतात तसा खाली मान घालून, मराठीत. "फोनवर हा नंबर आलता. हाफिसात सांगा म्हणून लिवलंय." मी आवाज ओळखला. ओळखला आणि तरी माझ्या तोंडानं, चौतीस वर्षांच्या सवयीनं, सुजलेल्या गालातून विचारलं, "मयताचं नाव?"

"गुरुबसप्पा."

"नातं?"

"भाऊ हाय. माझा थोरला." मग कुणी न विचारता तो सांगायला लागला, "गिरणीत आवाज असतुया, फोन ऐकू येत न्हाय. जेवताना बगितला. कवा झालं, कसं झालं, कायबी ठावं न्हाय. त्याच्या घरी आता कुणी न्हाय. फोन तरी कुणाला लावायचा? म्हून सरळ हितंच आलो. त्याला कुटं ठेवलाय तेवढं सांगा, म्हंजी मी जाऊन बसतो त्याच्यापाशी."

मी वर पाहिलं. त्यानंही पाहिलं. त्याचे केस पुष्कळ पिकले होते. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यातून झेंडूचा वास येत होता. त्याचे ओठ हलले, "अण्णा" म्हणाला असावा, काचेतून ऐकू आलं नाही. मी कानडीत बोलू लागलो. सराव होता, म्हणालो. व्हिडिओ होता, शिकवायचा, खरी साईट नाही, मेसेज मात्र खरे जातात, नाव कुणाचं तरी टाकावं लागतं. एका दमात सगळं सांगितलं. ऐकायला त्या रविवारी मला जसं कुणीतरी हवं होतं तसं तो ऐकत होता, मधे एकदाही न बोलता. माझं बोलणं संपल्यावर त्यानं फटीतून हात आत घातला, माझ्या बोटांतला तो कागद काढून घेतला, त्याची घडी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

"असू दे," तो कानडीत म्हणाला. "लागेल तेव्हा देतो."

आणि तो वळला. त्या नंबराची मुदत तीन तासांपूर्वीच संपली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. खिडकीपासून दारापर्यंत दहा पावलंही नाहीत. तो सावकाश चालत होता, दाराशी तर चप्पल नीट करायला थांबलासुद्धा. उठायला हवं होतं. रांगेत सात माणसं होती. मी पुढचा कागद घेतला.